चालू आहे, हात लावू नये

आमच्या घरचे बुवा म्हंजे हेमराज बहेकार. भिलाईच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या भट्टीवर, सारी नोकरी केली. गाव आमगावकडचं, पन पोटासाठी इकडं आले अन् इथलेच होऊन गेले. मी मथुरा, त्यायची बायको. लोकं मले इचारतात, "काकू, काका सभावानं कसे हो?" मी म्हनते, असं सांगून समजनार नाई. कंप्युटरची गोष्ट आयका, मंग तुमीच ठरवा.

रिटायर झाल्यावर या मानसाचे हात काई शांत बसेचना. मिक्सर बंद पडला तं कावून बंद पडला म्हनून उघडून पाहे, अन् चालला तं कावून चालला म्हनून उघडून पाहे. देवघरातली लायटिंग उघडली. माह्या बहिनीनं देल्लेली भिंतीवरची घडी उघडली, ती आजवर जोडली गेली नाई. मी चिडून म्हनलं, "आता मलेच उघडून पाहा एकदा!" तं हसले अन् म्हने, "तुले कायले उघडू? तू तं बिनबटनाची चालते." आता अशा मानसाशी भांडाव तं कसं भांडाव?

पन मी अशी चालता चालता या घरात एक गोष्ट बंद पडली होती. माहं गानं. ते यायले ठाऊक असन असं मले कधी वाटलं नाई. दोष कोनाचाच नोता. शिफ्टवाल्याच्या घरी असंच असते. नवरा नाइट करून आला का दिवसभर झोपनार, अन् घरची बाई पायाच्या बोटावर चालनार. कुकरची शिट्टी होऊ नाई म्हनून मी भात उघड्या गंजात शिजवे. दारावरच्या घंटीची तार काढून ठेवे. आमच्या क्वार्टराच्या लाइनीत साऱ्याच घरी तसं चाले. अशात गानं कोन म्हनन? माह्या आईच्या तोंडून उचललेली हळदीची गानी, लगनाची गानी, सारी पोटात तशीच राहून गेली.

मंग आमच्या टीनाचं लगन जमलं. टीना आमची एकुलती पोरगी, रायपूरले नोकरी करते. पोरगा दुर्गचा, रेल्वेवाल्याच्या घरचा, मराठीच. माह्या मनात एकच होतं. माह्या हळदीत माह्या आईनं गानी म्हटली, तं टीनाच्या हळदीत मी म्हनीन. पन हळदीचं गानं एकटीचं नसते. एकीनं इचाराचं अन् समोरच्या बायायनं उत्तर द्याचं. "हळद कोनं आनली?" असं मी इचारलं अन् समोरून कोनी बोललंच नाई, तं ते गानं नाई, येडीची बडबड झाली. अन् उत्तर देनाऱ्या आता राहिल्या कोठी? रमाबाई पोराकडं गेल्या, जयाबाई गावी गेल्या. उरल्या शेजारच्या अन्नपूर्णाबाई. त्या म्हने, "मथुरा, मी उचलते ग, पन मले शब्द तं याले पाहिजे." टीना फोनवर म्हने, "मम्मी, हल्दी में डीजे है ना, टेन्शन मत लो." आग लागो त्या डीजेले! मले टेन्शन नोतंच. मले माही गानी पाहिजे होती.

हे मी जेवता जेवता बोलून गेली. बुवा मान खाली घालून भात खाऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तं टीनाचा कालेजातला जुना कंप्युटर पलंगाखालून काढलेला, झाकन उघडलेलं, अन् हे माह्या स्वयंपाकघरातल्या ब्रशानं त्यातली धूळ झाडून राहिले.

"माहा ब्रश!"

"सारी गानी यात भरू," म्हने. "तुह्या आवाजात भरू, मंग लिहून काढू, मोठ्या अक्षरात कागदं छापू अन् बायायले वाटू. घोकतीन."

"फोनात नाई भरता येत?"

"आपले दोघायचेबी फोन बटनाचे. त्यात तुहा खोकला पुरा मावनार नाई."

पन तो कंप्युटर काई उठे ना. विंडोजचं चक्र फिरे अन् फिरतच राहे. हे त्याले स्कूटरवर बसवून नेहरू नगरच्या रोडवर एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हने, "अंकल, इसमें कुछ नहीं बचा. नया ले लो." हे घरी आले ते तोंड फुगवूनच. "पंखा चालते, दिवा लागते, अन् म्हने काई नाई बचलं! न उघडता कसं सांगते तो?"

मागच्या लाइनीतली नूतन, शामरावची सून, कोचिंग क्लासमधे कंप्युटर सांभाळते. तिनं येऊन पाहिला अन् हसली. "काका, आमच्या क्लासात याच्याहून म्हातारे पडून हाये. त्यायच्यात आमी लिनक्स टाकतो. कामाले विंडोजसारखंच, पन फुकट असते, अन् हलक्यातलं घेतलं तं जुन्या मशीनलेबी पेलते."

"फुकट?" यायनं डोळे बारीक केले. "मंग त्याले पोसते कोन?"

"दुनियाभरचे लोकं मिळून बनवतात काका. कोनी इथं सुधरवलं, कोनी तिथं. जे झालं ते साऱ्याईचं."

यायनं डब्यावर हात फिरवला. मंग म्हने, "गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकासारखं हाये म्हना. मांडव साऱ्या गावाचा." अन् तवापासून त्या लिनक्सवर असे खुश झाले का जसा तो आमगावचाच पाहुना.

नूतननं क्लासातल्या एका मेलेल्या कंप्युटरची मेमरीची पट्टी आनली अन् आमच्या डब्यात खोचली. संगं एक पेनड्राइव्ह आनला, नखाएवढा. "यातूनच चालते काका. आतल्या डिस्कले आपन आता हातच नाई लावत. आधी चालवून पाहा. आवडलं तं मी पक्कं बसवून देते." पेनड्राइव्ह लावला, बटन दाबलं, अन् बाप्पा! ज्यात काई बचलं नोतं त्यात निळा-हिरवा पडदा आला, घडी आली, मराठीत अक्षर उमटलं. मी पोळी तव्यावर सोडून उभी. पोळी जळून गेली तरी मले वास आला नाई. एवढ्याशा नखातून एवढा मोठा कारभार निघते कसा, हे मलेबी समजून घ्याचं होतं, पन इचाराची लाज वाटली.

नूतन दुसऱ्याच दिवशी अहिवाऱ्याले गेली. तिथं तिचं माहेर, आई न्हानीत पडली होती. जाताना दारातून ओरडून गेली, "काका, आल्यावर पक्कं बसवू!" हे म्हने, "चालून तं राहिलं ना! चालत्या भट्टीले कायले छेडाचं?"

इथंच आमच्या बुवाचा कारखान्यातला सभाव आडवा आला. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली का ती बंद करत नसतात, वर्सानुवर्सं जळते. थंडी पडली तं आतलं लोखंड जमून दगड होते. ज्यानं सारी जिंदगी हेच पाहिलं, तो कंप्युटर कायले बंद करन? पहिल्या दिवशी चालू केला तो केलाच. झोपलो तरी चालू, बाजारात गेलो तरी चालू. आमच्या सेक्टरात लाइट जात नाई म्हटलं तरी चालन, मंग तीबी चिंता नाई. कारखान्यात मशीनीच्या बटनाले लाल पुठ्ठा टांगतात, कोनी हात लावू नये म्हनून. तसाच एक पुठ्ठा यायनं मिठाईच्या डब्यातून कापला, लाल रंगवला अन् स्विचले टांगला. "चालू आहे. हात लावू नये. हेमराज."

"घरात मानसं दोन," मी म्हनलं. "हा हुकूम कोनाले?"

"हुकूम नाई. नियम हाये."

मंग टीनाच्या जुन्या हेडफोनचा माइक माह्या तोंडासमोर आला. "म्हन."

"काय म्हनू?"

"मी झोपलो असताना जे म्हनत नोती, ते म्हन."

म्हंजे मानसाले ठाऊक होतं! सारे वर्सं ठाऊक होतं! मले एकदम भरून आलं. रागबी आला, का ठाऊक होतं तं कधी बोलले कावून नाई. पहिला सूर निघाला तो दाराच्या कडीसारखा कुरकुरला. मी थांबली. हे म्हने, "थांबू नको, भरून राहिलं ते." मंग मी डोळे मिटले अन् म्हटलं.

रोज दुपारी आमचा तोच धंदा झाला. मी म्हने, हे भरून घेत. मंग एक ओळ वाजवत, थांबवत, एका बोटानं लिहीत, पुन्हा वाजवत. एकेक ओळ इतक्या वेळा वाजे का अन्नपूर्णाबाई भिंतीपलीकडून ओरडे, "मथुरा, पुढं जाऊ दे ग आता!" अन् यायचे सवाल! "हळद मामीच कावून दळते? आत्या कावून नाई? बैलगाडीतूनच कावून येते?" मी लहानपनापासून ते गानं म्हनते, माह्या डोक्यात कधी असा सवाल आला नोता. मीबी इचारात पडे. मंग आमी दोघं बसून ठरवत का मामीच कावून. एवढं बोलनं आमचं लगन झाल्यापासून झालं नोतं.

एक दिवस मी लाज सोडून इचारलं, "हे एवढं सारं राहते कोठी? त्या नखात का या डब्यात?"

यायनं डबा मागून पाहिला, पुढून पाहिला. "आत राहते."

"आत म्हंजे कोठी?"

"मथुरे, भट्टीत लोखंड कोठी राहते? आतच राहते ना!"

झालं, विषय संपला. ज्या मानसानं भिंतीवरची घडी सोडली नाई, त्यानं हे मातर उघडून पाहिलं नाई.

लगन जवळ आलं तशी मी मागं लागली. "जेवढी झाली तेवढी तं छापून आना! अन्नपूर्णाबाईले कवा पाठ होतीन?" पन नाई. "थेंब थेंब काढत नसतात. पुरं जमलं का एकदम टॅपिंग." भट्टीतलं लोखंड असंच काढतात म्हने, जमू द्याचं अन् मंग तोंड फोडून एकदम. मी म्हनलं, "हे लोखंड नाई, हे माहं गानं हाये." तं म्हने, "तेच तं. वाया जाऊ नाई म्हनून."

हळद अगदी तोंडावर आली अन् सेक्टरात सूचना फिरली का लाइनीच्या कामासाठी सकाळी लाइट बंद राहनार. दुसरा असता तं वैतागला असता. आमचे बुवा खुश! शटडाउन म्हंजे यायचं आवडतं काम. "सांगून केलेल्या शटडाउनले काई होत नसते," म्हने. "न सांगता झालं तरच नुकसान." सकाळी उठून आंघोळ केली. लाल पुठ्ठा स्विचवरून काढला. मले समोर उभं केलं, साक्षीदार म्हनून. मंग एकेक खिडकी बंद केली अन् शेवटचं बटन दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, का आता पेनड्राइव्ह काढून घ्या अन् एंटर दाबा.

"पाह मथुरे, जाता जाता स्वतःच सांगते! किती शिस्तीचं हाये!"

पेनड्राइव्ह काढला, धोतराच्या कापडानं पुसला अन् देवघरात कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवला. लाइट गेली ती दुपारी आली. आली तसा यायनं पेनड्राइव्ह लावला, बटन दाबलं. तोच निळा-हिरवा पडदा आला. पन कोरा, पहिल्या दिवशी होता तसा.

"काय झालं?" मी इचारलं.

"काई नाई. शोधून राहिलो."

मी चहा ठेवून गेली, चहा थंडा झाला. पुन्हा आली तं तसेच. या कप्प्यात पाहे, त्या कप्प्यात पाहे. मंग त्यायनं अहिवाऱ्याले नूतनले फोन लावला अन् सारं सांगतलं. तिकडून पोरगी म्हने,

"काका, तुमी त्या पेनड्राइव्हवरूनच चालवत होते? इतके दिवस? बंद न करता?"

"हो. कावून?"

"काका, कंप्युटर काई गोष्टी लिहून ठेवते अन् काई तोंडपाठ ठेवते. ते पक्कं बसवलंच नोतं, नुसतं पाहासाठी होतं. तवा त्यानं सारं तोंडपाठ ठेवलं. चालू होता तोवर याद होतं. बंद केला, विसरला."

"परत काढता येत नाई?"

"नाई काका."

फोन ठेवून हे तसेच खाली फरशीवर बसले. "मथुरे," म्हने, "भट्टी मीच थंडी केली."

मी लय बोलली. काय काय नाई बोलली! तुमच्या डब्याले आग लागो, तुमच्या टॅपिंगले आग लागो, मी म्हनत होती छापून आना, आयकलं का माहं? मंग मी मागच्या अंगनात गेली अन् मोरीजवळ बसून रडली. गान्यासाठी नाई रडली. गानी माह्या पोटात होती तशीच होती, ती कोठी जानार? रडली याच्यासाठी का कोनी मले रोज दुपारी समोर बसवून "म्हन" म्हनत होतं, अन् ते आता संपलं. पाहुने याले लागले होते, पुन्हा भराले वेळ कोठून आनाचा? अन्नपूर्णाबाईले निरोप देल्ला, राहू द्या, डीजे हाये म्हनून.

हळदीच्या दिवशी मांडवात टीना पिवळ्या साडीत बसली. डीजे असा वाजून राहिला होता का बाजूवालीचं बोलनं आयकू येत नोतं. मंग डीजेवाला पोरगा जेवाले उठला अन् एकदम शांत झालं. टीनाच्या गालाले हळद लावाले मी हात पुढं केला. तिचा चेहरा पाहिला अन् मले राहवलं नाई. होईल ते होईल म्हनलं, अन् सुरू केलं.

"हळद कोनं ग आनली?"

कोनी काई बोललं नाई. अन्नपूर्णाबाईनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. रायपूरच्या मैत्रिनी फोन धरून हसून राहिल्या होत्या. माहा हात टीनाच्या गालावर तसाच. वाटलं, धरती फाटली तं बरं.

अन् मांडवाच्या मागून आवाज आला. मानसाचा, जाडाभरडा, बेसूर.

"मामानं ग आनली, बैलाच्या गाडीत!"

साऱ्याईनं वळून पाहिलं. बुवा दोन्ही हातात खुर्च्या धरून उभे. तोंड लाल झालेलं, पन डोळे माह्यावर. मी घाबरतच पुढची ओळ इचारली.

"हळद कोनं ग दळली?"

"मामीनं ग दळली, जातं बाई जड!"

हसन्याचा नुसता फवारा उडाला. नवऱ्या मुलाचे काका म्हने, "अहो बहेकार, हे बायायचं काम हाये!" तं हे म्हने, "थांबा हो, पुढची ओळ येऊन राहिली." अन् आली. एकबी ओळ चुकली नाई. जिथं माहा श्वास तुटे तिथं यायचाबी तुटे, कारन रोज दुपारी तसंच तं आयकलं होतं, वाजवून अन् थांबवून अन् पुन्हा वाजवून. दुसऱ्या गान्यापासून अन्नपूर्णाबाईनं यायच्या मागं मागं शब्द उचलले, मंग बाकीच्या बायायनं. डीजेवाला जेवून आला अन् आपली डीजेची पेटी बंद करून बाजूले बसला.

टीना हसून राहिली होती अन् रडूनबी, हळद सारी ओघळून गेली. "पापा, ये सब कब सीखा?"

खुर्च्या खाली ठेवून हे म्हने, "शिफ्ट सुटल्यावर."

लगनानंतर नूतन आली. आमची जुनी डिस्क खराब होती म्हनून क्लासातल्या एका मोडीत काढलेल्या कंप्युटरची डिस्क आनली, ती आमच्या डब्यात बसवली अन् लिनक्स पक्कं केलं. आमच्यासमोर एक ओळ लिहिली, बंद केला, चालू केला, ओळ जिथल्या तिथं. यायनं तिच्याकडून तसंच पुन्हा करून घेतलं, मंग पुन्हा. आता कोठी राहते ते पेचकसानं डबा उघडून पाहिलं, तवा समाधान झालं.

दुपारी माइक पुन्हा माह्यासमोर आला. लाल पुठ्ठाबी स्विचवर होता.

"म्हन. पहिल्यापासून."

माह्या मनात अजून राग होता थोडा. मी म्हनलं, "आता तुमाले सारी तोंडपाठ येतात. तुमीच म्हना."

"मले नुसते उत्तरं येतात," म्हने. "इचाराले तू पाहिजे."

खोटं बोलून राहिले होते. एकेक ओळ स्वतःच्या बोटानं लिहिली होती, इचारनाऱ्याची अन् उत्तरवाल्याची दोन्ही. पन मी हात पदराले पुसले अन् माइकसमोर बसली.